आईचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय (पुणे). अनुभवी मालकांनो, आधीच शहाणं करा!

ठाणेकरीण | रवि, दुपारी ३:१२

मंडळी, आई जाऊन दीड वर्ष झालं. धनकवडीत तिचा वन बीएचके आहे. १९९८ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी ठाण्यात, भाऊ कॅनडात. इतके दिवस घर नुसतं कुलूपबंद होतं, हात लावायला मन होत नव्हतं. मेंटेनन्स, विजेचा स्थिर आकार, मालमत्ता कर चालूच. गेल्या महिन्यात दार उघडलं तर घरभर गटाराचा वास. प्लंबर म्हणाला, नाहणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की खालची हवा सरळ वर येते, आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला हवं कुणीतरी. खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरांचं बाळंतपण झालेलं. म्हटलं बास, आता माणसं राहू देत.

ब्रोकर म्हणतो १६ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. दोन पार्ट्या आल्यात. एक म्हणजे कॉलेजची चार मुलं, १९ द्यायला तयार. दुसरं नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी, पण ते १५च्या वर सरकत नाहीत.

करार अकरा महिन्यांचा करू की तीन वर्षांचा? घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे असतात का? आणि बेडरूममध्ये आईचं गोदरेजचं कपाट आहे, तिच्या साड्या, कागद वगैरे. ते कुलूप लावून तसंच ठेवलं तर चालेल ना?

अर्धाकप | रवि, दुपारी ३:४०

वाचतोय. आमचंही असंच एक घर नाशकात कबुतरं पोसतंय.

खडूसकाका | रवि, संध्या. ६:०५

बावीस वर्षं दोन फ्लॅट भाड्याने देतोय, म्हणून आगाऊपणा करतो.

कपाट आधी हलव. भाड्याच्या घरात मालकाने सुईसुद्धा ठेवू नये. तू काही 'आतली पाटली गेली' म्हणून आळ घेणार नाहीस, पण तो माणूस रोज त्या कपाटाला बिचकून राहील. आणि तुला दर दोन महिन्यांनी एखादी साडी, एखादा कागद आठवेल, तू दारात उभी राहशील. त्याला ते घर कधी आपलं वाटायचं नाही.

१९ हजारांना भुलू नकोस. मुलं वाईट म्हणून नव्हे. चार मुलं म्हणजे चार दुचाक्या, चार आंघोळी, एक गीझर, आणि जूनमध्ये परीक्षा संपली की घर रिकामं. एक महिना घर रिकामं राहिलं आणि ब्रोकरला पुन्हा महिन्याभराचं भाडं दिलं की तुझे वरचे ४८ हजार बरेचसे गेलेच. मी तर १५ला कुटुंब घेईन आणि वर्षाला पाच टक्के वाढ करारातच लिहून टाकेन.

भाडेकरू_नं_७ | रवि, संध्या. ६:३१

काका, तुमचं गणित बरोबर, पण मी त्याच चार मुलांतला एक होतो. सातव्या घरात राहतोय, त्यातली पाच पुण्यातच. कोथरूडला एका काकूंनी फोनवर आडनाव विचारलं, मग खाता काय विचारलं, मग म्हणाल्या 'आम्हाला काही नाही हो, सोसायटीचंच...'. सगळीकडे सोसायटीच पुढे! वारजेत मात्र एका आजोबांनी आम्हा चौघांना तीन वर्षं ठेवलं. जाताना आम्हीच घर घासूनपुसून दिलं, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने नवा शॉवर बसवून दिला होता. मुलं म्हणजे दंगा आणि कुटुंब म्हणजे सोज्वळ असं नसतं. माझ्या वरच्या मजल्यावर एक सोज्वळ कुटुंब रोज रात्री साडेअकराला खलबत्ता कुटतं.

खडूसकाका | रवि, संध्या. ६:५०

खलबत्त्याला हरलो.

हिशोबी | रवि, रात्री ९:१८

अकरा की छत्तीस हे आकड्यांत बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला द्यायच्या नेहमीच्या कराराचं) मुद्रांक शुल्क म्हणजे करारकाळातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मानतात आणि ते त्या बेरजेत मिळवतात.

१६ हजार आणि ५० हजार धरले तर ११ महिन्यांचे १,७६,००० अधिक साधारण ४,५८३. त्याचा पाव टक्का साडेचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ऑनलाइन नोंदवलं तर दस्त हाताळणीचे ३००, शिवाय एजंट. हे सगळं दर अकरा महिन्यांनी.

तेच ३६ महिने, दरवर्षी ५ टक्के वाढ: १,९२,००० + २,०१,६०० + २,११,६८०, वर डिपॉझिटचं मानीव व्याज १५,०००. एकूण ६,२०,२८०. शुल्क साडेपंधराशेच्या आसपास, आणि नोंदणी फी, हाताळणी, एजंट एकदाच. म्हणजे छत्तीसचा करार स्वस्त पडतो आणि दरवर्षी अंगठ्याच्या मशीनवाल्या एजंटाची वाट बघावी लागत नाही. अशा करारात ६० महिन्यांपर्यंत जाता येतं.

आता मनाला लागणारी गोष्ट. पुणे मनपा स्वतः राहत्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलंत की ती जाते. भाडं ठरवताना हा आकडा धरा, नाहीतर पुढच्या वर्षी बिल बघून घेरी येईल. आयकरात मात्र दिलासा आहे. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करायचा, उरेल त्याच्या ३० टक्के दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट वजा. पावत्या लागत नाहीत, तुम्ही रुपया खर्च केला नाहीत तरी मिळते.

टारझन_कोथरूड | रवि, रात्री ९:२६

म्हणजे सरकारसुद्धा गृहीत धरतं की मालक दुरुस्ती करणार नाही. (दिवे घ्या)

काळाकोट | रवि, रात्री १०:५५

वकील आहे, पण हा सल्ला फुकट आहे, त्यामुळे त्याच भावाने घ्या.

पहिलं: ताई, घर अजून आईच्याच नावावर आहे ना? तुम्ही नॉमिनी असाल तर सोसायटी तुमच्याशी व्यवहार करेल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईचं मृत्युपत्र नसेल तर भाऊही वारस आहे. करारात लायसेन्सर (घर देणारे) म्हणून दोघंही या, नाहीतर भावाकडून कुलमुखत्यारपत्र घ्या. तिथे ते नोटरी किंवा आपल्या वकिलातीसमोर करायचं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. हे टाळून 'माझीच आहे प्रॉपर्टी' म्हणत करार करणारे बहीण-भाऊ पुढे माझ्याकडेच येतात, आणि तेव्हा सल्ला फुकट नसतो.

दुसरं: करार नोंदवलाच पाहिजे. 'अकरा महिन्यांचा असला की नोटरी पुरते' ही समजूत नोंदणी कायद्यातून आली. तिथे वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग महिने कितीही असोत. जबाबदारी मालकाची. नोंदवला नाहीत आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करत बसायचं तुम्ही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नोंदवलेल्या कराराचा खरा फायदा कलम २४मध्ये आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर दिवाणी कोर्टाच्या रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर बसून राहिल्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट भरपाईही मागता येते.

रोखठोक | रवि, रात्री ११:०७

कलमं वाचत बसाल तर म्हातारे व्हाल. आमच्या सासऱ्यांनी सरळ मीटरचा फ्यूज काढला आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. दोन दिवसांत बिऱ्हाड रिकामं.

काळाकोट | रवि, रात्री ११:२०

सासऱ्यांचं नशीब. वीज, पाणी, जिना, संडास या अत्यावश्यक गोष्टी तोडायला त्याच कायद्याने बंदी आहे, कलम २९. भाडेकरू अर्ज करून त्या परत जोडून घेतो आणि मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ज्याच्यावर तुम्ही केस करणार होतात, तोच फिर्यादी होतो. कुलूप बदलणं आणि सामान जिन्यात काढून ठेवणंही त्यातलंच.

रोखठोक | रवि, रात्री ११:२४

मग काय हात जोडून उभं राहायचं?

खडूसकाका | सोम, सकाळी ७:१५

हो, उभा राहिलोय मी. २०१२-१३ची गोष्ट. करार संपला, गृहस्थ म्हणाले मुलीची दहावी आहे. दहावी झाली, मग बारावी आहे म्हणाले. मी सभ्यपणा केला आणि मुदत संपल्यावरही भाडं रोखीत घेत राहिलो, पावती नाही, नवा करार नाही. शेवटी नोटीस पाठवली, अर्ज केला, तारखा झाल्या. चौदा महिन्यांनी किल्ली हातात आली. दुप्पट भरपाईचा आदेशही मिळाला. वसुली किती झाली विचारू नका.

शिकलो काय, तर करार संपायच्या दोन महिने आधीच लेखी विचारायचं: राहणार की जाणार? राहणार असेल तर नवा करार आधी, पुढचा महिना नंतर. आणि भाडं बँकेतच.

वाड्यातली | सोम, सकाळी १०:४०

काकांचं वाचून आजोबा आठवले. सदाशिव पेठेत आमचा वाडा होता, सात बिऱ्हाडं. माझ्या आठवणीत सर्वात जास्त भाडं २८ रुपये, आणि कौलं शाकारायला यायचा त्याहून दसपट खर्च. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठलेली. मग १९७३ला दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ला जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. आजोबांनी मागची खोली एका ओळखीच्या शिक्षकांना 'सहा महिन्यांसाठी' दिली होती. त्या सहा महिन्यांत ती तारीख आली! पुढे शिक्षकांची नातवंडं आमच्याबरोबर खेळून मोठी झाली.

त्यानंतर आजोबांनी एक खोली बावीस वर्षं रिकामी ठेवली, त्यात फक्त लाकडं. आमच्या पिढीतल्या पुणेकरांनी घरं का बंद ठेवली त्याचं मूळ इथे आहे. नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला तरी ती भीती गेली नाही. उलट बाजूनेही सांगते, ते भाडेकरूसुद्धा पडक्या भिंतींखाली, सामायिक संडासाच्या रांगेत आयुष्य काढत होते. कुणीच सुखी नव्हतं.

अर्धाकप | सोम, सकाळी ११:०२

बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो म्हणतात, ते हेच का?

काळाकोट | सोम, दुपारी १:३०

नाही. बारा वर्षं ही प्रतिकूल ताब्याची मुदत. मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्या परवानगीविना घर बळकावलं तर. भाडं देणारा तुमच्या परवानगीने बसलेला असतो. दर महिन्याचं भाडं म्हणजे तुमच्या मालकीची कबुलीच. पण ही अफवा काही मरत नाही.

टारझन_कोथरूड | सोम, दुपारी १:४१

मी बारा वर्षं सासऱ्यांच्या घरी राहतोय. परवानगीने. म्हणजे गेलं.

सचिव_नाइलाजाने | सोम, रात्री ८:५०

सोसायटीची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मीच मांडतो. ताई, आम्हाला परवानगी मागू नका, कळवा. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची प्रत द्या. पोलिसांचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, चौकीत रांग नाही. तो मालकाने भरायचा असतो. 'ब्रोकर म्हणाला करतो' यावर सोडू नका.

बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१च्या सरकारी आदेशाने. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे, त्यातून मनपाचे कर वगळायचे. बाराशे असेल तर एकशेवीस. सांगायला लाज वाटते, आमच्याकडे आदेश येऊन गेल्यावरही कित्येक वर्षं सरसकट हजार रुपये घेत होते. मी सचिव झाल्यावर एका मालकिणीने आदेशाची प्रत दाखवली आणि भर सभेत माझं तोंड एवढंसं झालं. पैसे परत केले.

आणि नं_७, तुमचं बरोबर आहे. मालकाला नको असतं तेव्हा सोसायटीचं नाव पुढे होतं. आमच्या दप्तरात असा एकही ठराव नाही.

बर्लिनकर | सोम, रात्री ११:४५

अवांतर, पण रंगाच्या प्रश्नाला धरून. इथे घर घेताना-सोडताना दोघं मिळून हस्तांतराचा कागद करतात. मीटरचे आकडे, किल्ल्या किती, फरशीवर कुठे टवका, सगळं लिहून दोघांच्या सह्या. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं. गेलं घर सोडलं तेव्हा मालकाने भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजली. अकरा. मी म्हटलं नऊ. बॅटरी घेऊन पुन्हा मोजली. दहा निघाली.

भाडेकरू_नं_७ | मंगळ, सकाळी ९:१०

बर्लिनकर, तिकडे निदान मोजतात तरी. इथे माझे २२ हजार 'पेंटिंग'च्या नावाखाली गेले. त्या घराला मी राहायला येण्याआधीही रंग नव्हता, फक्त मोबाईलवर एक फोटो काढायचं सुचलं नव्हतं. चार वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच ना? मी काय भिंतींना न शिवता तरंगत होतो?

खडूसकाका | मंगळ, सकाळी ९:४५

रंग हा मालकाचा खर्च, माझं मत. राहण्याने जे झिजतं ते भाड्यात आलं. मोडलं-फोडलं ते भाडेकरूचं. मुलाने भिंतीवर स्केचपेनने रेल्वे काढली तर त्या एका भिंतीचे पैसे घ्यावेत, आख्ख्या घराचे नव्हेत.

पूर्वी मी असा नव्हतो. नावच बघा. माझा नियम होता की दोन हजारांच्या आतली दुरुस्ती तुझी. करारात ठळक लिहिलेलं. २०१६ साली बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये संडासाच्या भिंतीतला फ्लशचा व्हॉल्व्ह आतल्या आत गळायला लागला. भाडेकरूच्या बायकोला दिसलं होतं. भिंतीला हात लावला की गार लागायची, खालच्या टाइल्सच्या फटीत काळपट शेवाळ. तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला काकांना सांगितलं तर प्लंबर, फोडकाम, सगळं आपल्या गळ्यात येईल. त्यांनी त्या फटीवर पांढरं सिमेंट फासलं. चार महिने. मग खालच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघराच्या छताचा गिलावा पडला. नशीब, आजी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. समईचा आकार बदलला.

३८ हजार. माझेच गेले. चूक कुणाची? मी बराच काळ त्यालाच शिव्या दिल्या. पण दोन हजारांची भीती घालून मी त्याचं तोंड बंद केलं होतं. आता पाणी, वीज, गॅस यातलं काहीही असो, पहिल्या तासात मला फोन. खर्च माझा, आणि उशिरा सांगितलंस तर मात्र तुझा. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर मी फ्रिजवर चिकटवून देतो. त्यांना सांगून ठेवलंय, पाचशेपर्यंत मला न विचारता काम करा. वर्षाला तीन-चार हजार जातात. ३८ नाही.

वाड्यातली | मंगळ, सकाळी १०:२०

काकांचं नाव बदला रे कुणीतरी.

रोखठोक | मंगळ, सकाळी १०:३३

मान्य. पण असे काका भाडेकरूंच्या अपेक्षा वाढवून ठेवतात, मग आम्हाला रात्री दहाला फोन येतो, ट्यूब गेलीय.

भाडेकरू_नं_७ | मंगळ, सकाळी १०:४०

ट्यूब आम्ही बदलतो हो. शपथ.

ठाणेकरीण | मंगळ, रात्री १०:००

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं! एक शंका. भाऊ करारात आला तर तो अनिवासी, मग आयकराचं काय?

हिशोबी | मंगळ, रात्री १०:४२

चांगलं विचारलंत, हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळतं. मालक निवासी असेल तर भाडेकरू व्यक्तीने टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा आयकर) कापायचा प्रश्न महिना ५० हजारांच्या वर येतो. मालक अनिवासी असेल तर ती मर्यादाच नाही. त्याच्या वाट्याच्या भाड्यावर पहिल्या रुपयापासून कापायचा, दर ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२. पंधरा हजार भाडं देणारा साधा माणूस या भानगडीत पडणार नाही आणि मग दोघंही अडचणीत. तुमचं भावाशी ठीक असेल आणि त्याला घर नको असेल तर हक्कसोडपत्र करून नोंदवा, विषय मिटला. वाटा हवा असेल तर भाडेकरूला करार करण्याआधी सांगा.

आणि वीजबिल तुमच्या नावावर राहतं. किल्ली देताना-घेताना मीटरचा फोटो काढा. माणूस गेल्यावर येणारं शेवटचं बिल घराच्या मालकालाच चिकटतं. डिपॉझिट परत करायचं ते त्या बिलानंतर, आधी नाही.

काळाकोट | मंगळ, रात्री ११:१५

हिशोबींना अनुमोदन. करारात अजून दोन ओळी घाला. पहिले सहा महिने कुणीच सोडायचं नाही, नंतर दोन्ही बाजूंना एक महिन्याची लेखी नोटीस. 'दोन्ही बाजूंना' महत्त्वाचं. फक्त मालकाला सूट असलेले करार मी वाचते तेव्हा कळतं, हा पुढे भांडणार.

ठाणेकरीण | शनि, संध्या. ७:३०

तीन आठवड्यांनी येतेय, धागा वर आणतेय.

कुटुंबाला दिलं. १५,५००वर तुटलं. मुलांना मीच फोन करून नाही सांगितलं, ब्रोकरवर ढकललं नाही, सोसायटीवरही नाही. (नं_७, तुमच्यामुळे.) त्यातला एक म्हणाला, 'काकू, निदान खरं कारण तरी सांगितलंत.' काकू म्हटल्याबद्दल वाईट वाटलं.

भावाने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास विचार केला आणि म्हणाला तूच बघ. हक्कसोडपत्रासाठी तो डिसेंबरमध्ये येतोय, म्हणून तोवर फक्त अकरा महिन्यांचा करार केलाय, कुलमुखत्यारपत्र मागवून, दोघांच्या नावाने. त्याच्या वाट्याच्या टीडीएसचं भाडेकरूला आधीच सांगितलं, कापणं आणि भरणं माझे सीए बघून देणार. हिशोबी, पुढचा करार छत्तीसचा, वचन.

काका, फ्रिजवर चिकटवायला फ्रिज नव्हता, म्हणून नंबर वीजमीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवले. ६४ फोटो काढले. नाहणीच्या जाळीचासुद्धा.

आता कपाट. साड्या दोन मावश्यांनी आणि मी वाटून घेतल्या, कागद ठाण्याला आणले. रिकामं कपाट न्यायला टेम्पोवाला आणला तर ते दारातून निघेना. आईने २००४ला सेफ्टी डोअर बसवलं, त्याची चौकट आत आलीय आणि कपाट त्याच्या आधीचं. ग्रिल कापून दोराने खाली सोडायचे सात हजार सांगितले. भाडेकरू ताई तिथेच होत्या, म्हणाल्या, 'राहू द्या की, आमच्याकडे कपाटच नाहीये.' मग यादीत लिहिलं: गोदरेज कपाट एक, किल्ल्या दोन, आतला चोरकप्पा उघडत नाही. दोघींच्या सह्या.

काल त्यांनी फोटो पाठवला. कपाटाच्या आरशावर त्यांच्या मुलीने खालपासून तिच्या हाताच्या उंचीपर्यंत फुलपाखरांचे स्टिकर लावलेत.

बर्लिनकर | शनि, संध्या. ७:५२

किती?

खडूसकाका | शनि, रात्री ८:०५

मोजू नकोस. फोटो पासष्टावा म्हणून ठेवून दे.